बंद सेन्सर आणि महालक्ष्म्यांची वाट

आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर कमेंटमध्ये वाद नको. भुताखेतांवर, करणीवर, अंगात येण्यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. खाली लिहिलेलं सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावरही तो बसलेला नाही. या ग्रुपवर मी बरेच दिवस नुसती वाचत असते... पिंपळ, पांढरी साडी, उलटे पाय. वाचते, हसते आणि दुकान उघडायला जाते. माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. वीज कुठून येते, कुठून जाते आणि कुठे अडते हे मला कळतं असा माझा समज होता. एका संध्याकाळी तो समज तोंडावर आपटला, म्हणून लिहायला बसले.

गाव धामणगाव बढे, तालुका मोताळा, जिल्हा बुलढाणा. बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं घर. जुनं-बिनं काही नाही, चांगलं स्लॅबचं आहे, आमच्या ह्यांनी उन्हात उभं राहून बांधून घेतलेलं. प्लॉट अरुंद आणि लांब, म्हणून खोल्या आगगाडीच्या डब्यांसारख्या एकामागे एक. पुढे ओसरी, मग बैठक, मग मधली खोली, मग स्वयंपाकघर, त्यामागे धान्याची खोली, आणि मागचं दार उघडलं की अंगण आणि म्हशीचा टिनाचा गोठा. सगळी दारं एका रेषेत आहेत. मागच्या पायरीवर उभं राहिलं तर थेट ओसरीपलीकडच्या रस्त्यावरचा माणूस दिसतो. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

हे गेले ते झोपेतच गेले, हार्ट अटॅक. आम्हाला मूलबाळ नाही. घरात मी आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण. त्या तरुणपणीच विधवा होऊन भावाच्या घरी आल्या त्या इथल्याच झाल्या. म्हैस त्यांची, दुकान माझं. ह्यांच्या हाताखाली बसून बसून मी आधी होल्डर बसवायला शिकले, मग घराचं फिटिंग, मग मोटारीचे स्टार्टर. ते गेल्यावर लोकांना वाटलं दुकान बंद पडेल. नाही पडलं. गावात मला वायरवाली वहिनी म्हणतात, आणि मला ते आवडतं.

आता महालक्ष्म्यांचं सांगते. पुण्या-मुंबईकडे गौरी म्हणतात, आमच्या वऱ्हाडात महालक्ष्म्या. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी. भाद्रपदात तीन दिवस माहेरी यावं तशा येतात. पत्र्याच्या कोठ्या, म्हणजे त्यांची धडं, त्यांना साड्या नेसवायच्या, वर पितळी मुखवटे बसवायचे, सोळा भाज्या, पुरण, आंबील, फुलोरा... आमचं घर थोरल्याचं, म्हणून महालक्ष्म्या आमच्याकडे. लग्न झाल्यापासून मीच बसवत आले. एरवी आमच्या घरात दोन माणसं आणि एक म्हैस. त्या तीन दिवसांत मात्र पाय ठेवायला जागा नसते. मला देवीचं किती आणि माणसांचं किती, हे मी कधी वेगळं करून पाहिलं नाही.

हे गेले त्या वर्षी सण नव्हता. पुढच्या वर्षी श्रावण लागला तसा धाकट्या दिराचा, गजाननचा, अकोल्याहून फोन आला.

"वहिनी, यंदापासून महालक्ष्म्या अकोल्याले बसवू म्हनतो. तुमच्यानं आता ते होनार नाई."

"काऊन होनार नाई? माहे हात मोडले का?"

"हातायचं नाई वहिनी. तुमाले माईत हाय मी काय म्हनून राह्यलो ते."

"मले माईत हाय. पन तुमी तोंडानं बोला न."

गजानन वाईट माणूस नाही, पण सोयीचं तेवढं बोलायचं आणि गैरसोयीचं समोरच्यानं समजून घ्यायचं, ही त्याची रीत. विधवेनं महालक्ष्म्यांना हात लावायचा नाही, हळदीकुंकू तिच्या हातून चालत नाही, हे त्याला म्हणायचं होतं.

मी आत्याबाईंकडे पाहिलं. वाटलं, ह्या तरी माझ्या बाजूनं बोलतील. आत्याबाईंनी फोन मागून घेतला आणि म्हणाल्या, "असं कर गजा. यंदा इथीच बसू दे. मनीषा महालक्ष्म्या आत आनन, पूजाबी तिच्याच हातानं होईन. विसर्जन झालं का मुखवटे घेऊन जाय."

मनीषा म्हणजे गजाननची बायको, माझी धाकटी जाऊ. झाला निकाल. एक वर्ष शेवटचं, मग मुखवटे कायमचे अकोल्याला. मला फार लागलं. आत्याबाईंशी मी दोन दिवस नीट बोलले नाही. म्हशीशी बोलत होते, त्यांना ऐकू जाईल असं.

मग मी ठरवलं. पूजेला हात लावू देणार नाही ना? बरं. उजेडाला तर लावते. उजेडात सवाष्ण आणि विधवा असलं काही नसतं.

दुकानात स्मार्ट एलईडी स्ट्रिपचे रोल आले होते. गावात कुणी घेत नव्हतं, सगळ्यांना त्या चिनी माळाच हव्यात. मी ठरवलं की घरच सजवायचं, लोक बघतील, दुकानाचंही नाव होईल. प्रत्येक खोलीत छताच्या कडेनं एक स्ट्रिप, तिला एक छोटा वायफायचा कंट्रोलर, आणि दाराच्या चौकटीवर एक सेन्सर. कपाटावर एक पांढरी डबी ठेवली, तिला हब म्हणतात. सेन्सरला माणूस हललेला दिसला की तो हबला सांगतो आणि हब त्या खोलीची स्ट्रिप लावते. सगळं मोबाइलच्या ॲपवर जोडायचं असतं. व्हिडिओ पाहून पाहून, दोनदा चुकून, मी ते जमवलं. रंग ठरवला हळदीचा.

कशासाठी, तर आमच्याकडे महालक्ष्म्या आणतात त्याची एक रीत आहे. मुखवटे हातात घेऊन दोन सवाष्णी उंबऱ्यावरून आत येतात. जमिनीवर हळदीकुंकवाची पावलं काढलेली असतात, त्यांवरून चालायचं. कुणीतरी ताट वाजवत पुढे. आणि महालक्ष्म्यांना अख्खं घर दाखवायचं... ही बैठक, हे स्वयंपाकघर, हे धान्य, हा गोठा. मग परत फिरून मखरात बसवायचं. माझ्या डोक्यात असं होतं की त्या ज्या खोलीत पाऊल टाकतील ती खोली आपोआप पिवळी होईल. घरचे मला आत चालू देणार नाहीत, पण माझा उजेड महालक्ष्म्यांबरोबर चालेल.

आत्याबाईंना हे अजिबात पटलं नव्हतं. मी स्टुलावर चढले होते तेव्हा खालून म्हणाल्या, "आपोआप दिवे लागतीन? अवं, देवाचा दिवा हातानं लावा लागते."

"हा बी हातानंच लावून राह्यली आत्याबाई. हात कोनाचे हायेत हे?"

त्या स्टूल मात्र धरून उभ्या राहिल्या.

सेन्सरचं एक सांगायला हवं. नवा सेन्सर येतो तेव्हा त्याच्या सेलमध्ये प्लास्टिकचा एक पातळ टॅब अडकवलेला असतो, त्याचं टोक बाहेर जिभेसारखं लोंबतं. तो ओढून काढला की सेन्सर सुरू होतो. मी दुकानात बसून सगळे सेन्सर हबला जोडले, तपासले, आणि मग टॅब परत आत सरकवले. असं कंपनीवाले सांगत नाहीत, पण दुकानदाराची सवय... सण यायला वेळ होता, उगाच सेल कशाला जाळायचे. आवाहनाच्या दिवशी दुपारी सगळे टॅब ओढायचे, एवढंच काम राहिलं होतं.

आवाहनाच्या दिवशी गजानन आणि मनीषा गाडी घेऊन आले. गजाननने येतानाच मुखवट्यांसाठी आत फोम लावलेली पेटी आणली होती. ती त्याने बैठकीत टीव्हीखाली ठेवली. पाहुण्यासारखी ती पेटी तिथे बसून होती आणि माझं जाता-येता लक्ष तिकडेच.

दुपारी मनीषा कोठ्यांना साड्या नेसवायला बसली. तिला निऱ्या जमेनात. कोठीला साडी नेसवणं बाईला नेसवण्यापेक्षा अवघड, ती पोट आत घेत नाही. मनीषा घामाघूम झाली आणि माझ्याकडे बघायला लागली. मी न बोलता तिच्या शेजारी बसले आणि निऱ्या घ्यायला लागले. इतक्या वर्षांची हाताला सवय.

आत्याबाई दारात आल्या. "शोभे, हात काढ. साडीले लागू नको."

घरात शेजारच्या बाया होत्या. सगळ्यांनी ऐकलं. मनीषाने मान खाली घातली. मी निऱ्या तिच्या हातात दिल्या, उठले आणि सरळ गोठ्यात जाऊन बसले. रडले का? रडले. रागानं रडले. संध्याकाळपर्यंत मी घरात आले नाही. टॅब ओढायचे राहिले ते तिथे. माझ्या लक्षातच आलं नाही.

दिवेलागणीला आवाहन होतं. आमच्याकडे त्या वेळी विधवेनं समोर यायचं नसतं. आत्याबाई दरवर्षी मागच्या पायरीवर उभ्या राहतात, पदर डोक्यावर घेऊन, हात जोडून. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांना तिथेच पाहत आले होते आणि मला, खरं सांगते, कधी काही वाटलंही नव्हतं. मी मुखवटा घेऊन पुढून यायचे ना. त्या दिवशी मी त्यांच्या शेजारी उभी राहिले.

ट्यूबलाइट मी सकाळीच बंद करायला सांगितल्या होत्या, म्हणजे स्ट्रिपची मजा दिसेल. सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं, बघा, महालक्ष्म्या येतील तसे दिवे लागतील. मधल्या खोलीत मखरापुढे समई होती तेवढीच. मी दारांच्या रेषेतून बघत होते. गजानन ताटावर चमचा वाजवत आत आला. मागे मनीषा ज्येष्ठेला घेऊन, तिच्या मागे शेजारची रेखा कनिष्ठेला घेऊन, आणि मागे गल्लीतल्या बाया.

"महालक्ष्मी आली, कशाच्या पावलानं आली?"

"धनाच्या पावलानं आली, धान्याच्या पावलानं आली..."

ओसरी गेली, अंधारच. बैठक आली. अंधार. कुणीतरी हसलं. मधली खोली, तिथे समई होती म्हणून निभावलं. गजानन स्वयंपाकघरातून ओरडला, "वहिनी, तुमचे लाइट झोपले का व?"

अंधारात धडपडत सगळे धान्याच्या खोलीपर्यंत आले. तिथून आमची पायरी चार हात. आत्याबाई माझ्याकडे न बघता हळूच म्हणाल्या, "पाह्य. नाई घेतला तिनं तुह्या हातचा उजेड."

त्यांच्या आवाजात आनंद नव्हता, हे मी त्यांच्या बाजूनं सांगते. ज्याला स्वतःला ही गोष्ट फार पूर्वी कुणीतरी सांगितली असेल, त्याच्यासारखा तो आवाज होता. पण तेव्हा मला एवढी समज नव्हती, मला नुसता संताप आला. मी वर बघितलं. मागच्या दाराच्या चौकटीवरचा सेन्सर माझ्या डोक्यावरच होता. त्याचा टॅब बाहेर लोंबत होता.

हात्तिच्या. टॅब! एकाचाही ओढला नव्हता. देवीचा काय संबंध, सेलच जोडलेला नाही तर दिवा लागेल कसा? मला इतकं हलकं वाटलं की मी हसलेच. "आत्याबाई, टॅब..." असं म्हणायला मी तोंड उघडलं.

आणि ओसरीची स्ट्रिप लागली.

सगळी माणसं धान्याच्या खोलीत आणि स्वयंपाकघराच्या दारात होती. ओसरीत कुणी नव्हतं. रिकामी ओसरी हळदीसारखी पिवळी झाली. लुकलुक नाही, फडफड नाही, पूर्ण उजेड. मग थोडा वेळ गेला. जितका वेळ एखाद्या बाईला ओसरी पाहून उंबरा ओलांडायला लागेल, तितका. मग बैठकीची लागली. पुन्हा तसाच थोडा वेळ. मग मधली खोली.

गजाननचं ताट थांबलं. तो आमच्याकडे तोंड करून उभा होता, पाठीमागचा उजेड त्याला भिंतीवर दिसला आणि तो वळला. कुणी कुणाला काही सांगितलं नाही, पण स्वयंपाकघराच्या दारातल्या बाया दोन्ही बाजूंना सरकल्या आणि मध्ये वाट झाली. वाटेवर कुणी नव्हतं. मी नीट पाहिलं, मांजरसुद्धा नव्हतं. मग स्वयंपाकघर लागलं. मग धान्याची खोली, जिथे ते सगळे उभे होते, त्यांचे चेहरे एकदम पिवळे झाले. आणि शेवटी आमच्या डोक्यावरची, मागच्या दाराची. तिच्या सेन्सरचा टॅब माझ्या डोळ्यांसमोर लोंबत होता, आणि तिच्या उजेडात मी आणि आत्याबाई उभ्या होतो.

मला भीती वाटली का? वाटली. आत्याबाईंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी असती तर पिचली असती. मी हे लपवणार नाही. पण भीती थोडाच वेळ टिकली, कारण मग गजानन बोलला.

त्याने ताट खाली ठेवलं, हात जोडले आणि म्हणाला, "वहिनी... चुकलं आमचं. देवी तुमच्यापाशी आली. तुमीच घ्या, तुमीच बसवा. मुखवटे इथीच राहू द्या." मागे बाया पुटपुटायला लागल्या. कुणी माझ्याकडे बघून नमस्कार केला. दुपारी ज्यांच्यासमोर मला साडीवरून हात काढायला लावला होता, त्याच बाया.

सगळे म्हणतील, मग झालं की मनासारखं! नाही झालं. मला असा राग आला की भीती कुठल्या कुठे गेली. इतकी वर्षं मी त्या कोठ्यांना साड्या नेसवल्या, पुरण वाटलं, ताप असताना सोळा भाज्या चिरल्या. ते ह्यांच्यापैकी कुणाला पुरेसं वाटलं नाही. माझं तोंड, माझा हक्क, माझं बोलणं, कशाकशानं काही झालं नाही. आणि प्लास्टिकची एक पट्टी पिवळी झाली तर लगेच वहिनी पवित्र? आज लागली म्हणून देवी माझी, मग उद्या कंट्रोलर जळाला की मी पुन्हा गोठ्यात? असला दाखला मला नको होता. देवीचा असला तरी नको होता.

मेन बोर्ड मागच्या दाराशीच आहे. हे नेहमी म्हणायचे, गोठ्यात काही शॉर्ट झालं तर पळत येऊन खटका पाडता आला पाहिजे. मी आत्याबाईंच्या हातातून मनगट सोडवलं आणि खटका पाडला. इन्व्हर्टरचाही बंद केला. सगळ्या स्ट्रिप विझल्या. विझणारच, वीजच नव्हती. बाहेर जरा संधिप्रकाश होता आणि आत लांब ती समई.

"आता द्या," मी म्हटलं.

"वहिनी, असं काऊन करून राह्यल्या? देवी नाराज होईन."

"देवी नाई होत भाऊजी, तुमी होता. लाइट लागले म्हनून देत असान तर मले नोको. आता लाइट नाई. अंधारात देता येते का पाहा, नाईतं घेऊन जा अकोल्याले. मी आडवी नाई येनार."

खरंच सांगते, त्या वेळी मला वाटलं होतं की गेले मुखवटे. हातातोंडाशी आलेलं मी स्वतःच लाथाडलं. मनीषा ज्येष्ठेला छातीशी धरून उभी, तिला काय करावं कळेना. ती पुढे यायला निघाली आणि नवऱ्याकडे बघून थांबली. म्हैस मागे दोर ओढत होती, तेवढाच आवाज.

मग आत्याबाई पायरी चढल्या.

मी त्यांना कधीच आवाहनाच्या वेळी ती पायरी चढताना पाहिलं नव्हतं. कुणीच पाहिलं नव्हतं. त्या मनीषासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि हात पुढे केले. "दे."

मनीषाने दिला. आत्याबाईंनी ज्येष्ठेचा मुखवटा दोन्ही हातांत घेतला. त्यांच्या घरातला मुखवटा, त्यांच्या आईनं बसवलेला, त्यांच्या वहिनीनं बसवलेला, आणि त्यांनी अख्खा जन्म पायरीवरून पाहिलेला. त्या अंधारात त्या त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. अंगठ्यानं त्याच्या गालावरचं काहीतरी पुसलं. मग वळून माझ्याकडे आल्या.

"मले कोनी देला नाई," त्या म्हणाल्या. "अन् म्या मागतलाबी नाई. तू मागून राह्यली. धर."

मी धरला. मग रेखाच्या हातात कनिष्ठा दिसली आणि मी म्हटलं, "आत्याबाई, धाकटी तुमी घ्या."

"म्या? येडी झाली का? माह्या लुगड्याले शेन लागेल हाय."

"असू द्या. गोठा दाखवूनच नेतो न आपन तिले."

रेखाने स्वतःच पुढे होऊन कनिष्ठा त्यांच्या हातात ठेवली. गजाननने अडवलं नाही. त्याने खाली वाकून ताट उचललं, आणि जरा वेळाने, हळू, वाजवायला लागला. आम्ही दोघी मागच्या दारातून आत आलो, धान्याची खोली, स्वयंपाकघर, मधली खोली, आणि समईच्या उजेडात महालक्ष्म्या बसवल्या. मनीषाने माझ्याकडून निऱ्या पुन्हा घालून घेतल्या. खटका मी त्यानंतरच वर केला.

दुसऱ्या दिवशी गर्दी उसळली. देवी चालत आली म्हणे. रोहिणखेडहून एक गृहस्थ दुकानात आले, "देवी आली का लागते तो लाइट द्या." मी त्यांना सेन्सर दाखवला आणि सांगितलं, टॅब काढला तर हा मांजर आलं तरी लागेल. ते नाराज होऊन गेले. कुणी सुचवलं की पायरीपाशी दानपेटी ठेवा. त्या माणसाला मी चहासुद्धा विचारला नाही.

आता तुम्ही विचाराल ते सगळं मी स्वतःला विचारून झालंय. त्याच रात्री जेवणं झाल्यावर मी सगळे सेन्सर उतरवले. प्रत्येकाचा टॅब जागेवर होता. लाइट जाऊन आली असेल? मग सगळ्या स्ट्रिप एकदम लागतात, एकेक करून नाही. ॲपवरून कुणी लावल्या? ॲप फक्त माझ्या मोबाइलवर, आणि मोबाइल कपाटात चार्जिंगला. टायमर? लावलाच नव्हता. वायरमधून झिरपणाऱ्या करंटनं एलईडी मंद चमकतात, मला ते रोजचं आहे, पण त्या अशा भर उजेडानं लागत नाहीत आणि खोल्यांची रांगही पाळत नाहीत. मनीषावरसुद्धा संशय घेतला, तोंडावर विचारलं. ती म्हणाली, "ताई, मले माह्या फोनचा पासवर्ड ध्यानात राहत नाई, मी काय तुमचे लाइट लावतो." खरं आहे ते.

मलकापूरला एका ओळखीच्या इंजिनिअरकडे कंट्रोलर आणि हब घेऊन गेले. त्याने लॅपटॉपला लावून पाहिलं आणि म्हणाला, फर्मवेअरचा प्रॉब्लेम असेल. म्हटलं, म्हणजे काय झालं? म्हणे, सांगता येत नाही, पण फर्मवेअर. आमच्याकडे पूर्वी बाहेरचं झालंय म्हणायचे, ते आणि हे मला सारखंच वाटलं.

रेखाचं मत असं की ते हेच असतील, माझे. बाकी कुणी बोललं असतं तर मी चिडले असते, पण रेखा चांगली आहे. तिला म्हटलं, हे असते तर ओसरीतून रीतसर आलेच नसते. गोठ्याकडून यायचे, चपला घालून, आणि आधी मला विचारलं असतं की टॅब काढले का.

देवी आली होती का? मला माहीत नाही. कुणाकडे आली, माझ्याकडे की माझ्या शेजारी इतकी वर्षं उभ्या राहिलेल्या बाईकडे, तेही माहीत नाही. मी आत्याबाईंना एकदा विचारलं. त्या धार काढत होत्या. म्हणाल्या, "तुले कायले पायजे ते? बसल्या न आपल्या घरी?"

त्या स्ट्रिप अजून तशाच आहेत. यंदा मी सकाळीच टॅब ओढले. कुणीही आलं-गेलं की लागतात, मुकाट्यानं विझतात, कंपनीने सांगितलं तसं. यंदा आवाहनाला ज्येष्ठा माझ्या हातात होती आणि कनिष्ठा आत्याबाईंच्या, नव्या लुगड्यात, पुढच्या दारानं. मागच्या पायरीवर कुणी नव्हतं.

कारण अजून सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला सापडलं तर जरूर सांगा, वायरिंगचा नकाशा हवा असेल तर तोही टाकते. फक्त एक करा. खाली कमेंटमध्ये कुणी लिहू नका की देवीनंच वहिनीला न्याय दिला. दिवे कुणी लावले ते मला माहीत नाही. मुखवटा माझ्या हातात कुणी ठेवला ते मी पाहिलेलं आहे, आणि तेव्हा दिवे बंद होते.